कित्ता किती गिरवायचा आणि कुठे मोडायचा?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तू तीन वर्षं अक्षररचनेची कामं करतोयस. घरगुती मसाले विकणाऱ्या एका बाईंसाठी 'मधुरा' हे नाव तू शिरोरेषा काढून टाकून रेखाटलंस. त्यांनी ते परत केलं आणि म्हणाल्या, "छान आहे, पण आपलं वाटत नाही." तिकडे तुझ्या स्टुडिओतले वरिष्ठ दर कामाला "यात नवीन काय?" असं विचारतात. या दोघांच्या मध्ये तू अडकलायस. परंपरा किती पाळायची आणि आपलं स्वतःचं किती आणायचं, हे तुला कळत नाहीये.

मी अठ्ठावीस वर्षं पुण्यात हेच काम करते आहे. पुस्तकांची शीर्षकं, दुकानांच्या पाट्या, मासिकांची नावं, लग्नपत्रिका, आणि मधल्या काळात दोन फॉन्ट. 'किती' या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही. 'कुठे' याचं मात्र थोडंफार देता येईल, आणि माझ्या मते तुझा खरा प्रश्न तोच आहे.

'मधुरा'पासूनच सुरुवात करू. शिरोरेषा हा देवनागरीवरचा दागिना आहे, काढून ठेवला तरी बिघडत नाही, असं समजून तू ती काढलीस. पण ती रेघ तिथे काम करत असते. 'घ' आणि 'ध' शेजारी लिहून बघ. 'म' आणि 'भ' लिहून बघ. 'घ'वर आणि 'म'वर रेघ सलग जाते, 'ध'च्या आणि 'भ'च्या डोक्यावर ती तुटते आणि तिथे एक छोटं वळण येतं. वाचणाऱ्याला हे कोणी मुद्दाम शिकवलेलं नसतं, पण त्याची नजर त्या फटीवरूनच अक्षर ओळखते. रेघच काढली तर फट कुठे दिसणार? मग 'मधुरा'चा 'मघुरा' होतो, वळण जरा जास्त झालं तर 'भघुरा'सुद्धा. त्या बाईंना हे असं सांगता आलं नसेल. त्यांना फक्त अडखळायला झालं, आणि त्या अडखळण्याला त्यांनी 'आपलं वाटत नाही' असं नाव दिलं. गिऱ्हाईक कारण चुकीचं सांगतं, पण दुखतंय हे बहुतेक वेळा खरं असतं.

शिरोरेषेशिवाय लिहिताच येत नाही असं नाही. गुजरातीने ती सोडली आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरात अक्षरांची वळणं त्याप्रमाणे बदलत गेली. आपल्या मोडी लिपीत तर उलटाच प्रकार होता. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं. तिथे रेघ शब्दाची नव्हती, ओळीची होती. सांगायचं एवढंच की रेघ ठेवायची की काढायची हे त्या शब्दात कोणती अक्षरं आहेत यावर ठरतं. 'कवडसा' असं नाव असतं तर तुला रेघेशिवाय बरंच काही करता आलं असतं. त्यात एकमेकांच्या अंगावर येणारी जोडी नाही. 'मधुरा'त ती आहे.

तू ज्याला परंपरा म्हणतोयस ती एक गोष्ट नाही, तिच्यात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. गाठोडं सोडलं की काम सोपं होतं.

काही रूढी हत्यारातून आल्या. बोरूच्या लेखणीचं टोक तिरकं कापायचं, आणि देवनागरीचा काप रोमन अक्षरांच्या कापाच्या उलट दिशेचा. त्यामुळे जाड-बारीकपणा कुठे येणार हे आपोआप ठरतं. इंग्रजी फॉन्टवरून देवनागरी बेतणाऱ्यांचं इथेच चुकतं. जाडी उलट्या बाजूला पडते आणि अक्षर परक्या मुलखातून आल्यासारखं दिसतं. बघणाऱ्याला चूक दाखवता येत नाही, पण खटकतं. बोरू हातात घेऊन एक वर्ष लिही, मग हे मी सांगायची गरज राहणार नाही.

काही रूढी यंत्राच्या अडचणीतून आल्या. शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या, काळात देवनागरीची एक केस (खिळे ठेवायची खणांची पेटी) भरायला शेकड्यांनी खिळे लागायचे, कारण काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं सगळ्यांचं वेगवेगळं धातूचं रूप हवं. ते कमी करावेत म्हणून लोकमान्य टिळकांपासून अनेकांनी डोकं लढवलं. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या लिपिशुद्धीत 'अ'चीच बाराखडी होती : अि, अी, अु, अू. वेगळे इ, ई, उ, ऊ नकोतच. तर्काने पाहिलं तर त्यात काहीच चूक नाही. 'कि'ला चालतं तर 'अि'ला का नको? त्या पद्धतीने छापलेली जुनी मासिकं आजही रद्दीत सापडतात आणि अर्थ सहज लागतो. तरीही ती रुजली नाही. १९५३ साली लखनौला लिपिसुधारणेची मोठी परिषद झाली. तिथे ऱ्हस्व वेलांटीसुद्धा अक्षराच्या उजवीकडे, दीर्घ वेलांटीसारखीच पण आखूड द्यावी असं ठरलं. काही वर्षांतच ते मागे घ्यावं लागलं.

आणि त्याच परिषदेतली एक सुधारणा मात्र टिकली. पूर्वी 'ख' हा 'र' आणि 'व' शेजारी ठेवल्यासारखा दिसायचा, त्यामुळे 'खाना' आणि 'रवाना' यांत घोटाळा व्हायचा. 'ख'चा खालचा पाय पुढच्या गोलाला जोडून टाकायचा, एवढीच ती सुधारणा. आज तू 'ख' काढतोस तेव्हा कुणीतरी कधीतरी हा बदल केला होता याची तुला जाणीवही नसते.

मी या दोन गोष्टी कायम शेजारी ठेवून बघते. वेलांटी उजवीकडे नेण्यात सोय यंत्राची होती आणि त्रास वाचणाऱ्याला होता. 'ख' जोडण्यात सोय वाचणाऱ्याची होती. नवं काही करताना त्याचा भार कोणावर पडतोय हे मी स्वतःला विचारते. तुझ्या बिनरेघेच्या 'मधुरा'चा भार त्या बाईंच्या गिऱ्हाइकांवर पडत होता आणि फायदा तुझ्या पोर्टफोलिओला होणार होता. हे जरा कडक वाटेल, पण मीही हे केलेलं आहे, म्हणून सांगते.

माझी गोष्ट अशी. कामाला लागून चार-पाच वर्षं झाली होती. सह्याद्रीतल्या भटकंतीवरच्या एका पुस्तकाचं मुखपृष्ठ माझ्याकडे आलं. शीर्षकात 'दऱ्या' हा शब्द होता. 'ऱ्या'मधली ती आडवी चंद्रकोर माझ्या डोळ्यांना सलायला लागली. बाकी सगळी अक्षरं ताठ आणि मध्येच ही कोर लोंबतेय. मी ती काढली आणि वर नेटका रफार दिला. रचना फारच देखणी झाली. प्रकाशकांनी पाहिली, मुद्रितं तपासणाऱ्यांनीही पाहिली, कोणाच्या लक्षात आलं नाही. पुस्तक छापून आलं आणि महिन्याभरात साताऱ्याहून एका निवृत्त शिक्षकांचं पोस्टकार्ड आलं. त्यांनी पुस्तक समुद्रप्रवासाचं म्हणून मागवलं होतं. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे दोन डोंगरांमधली खोल जागा. त्या कोरीत अर्थ होता आणि मी तो देखणेपणासाठी पुसून टाकला होता. पोस्टकार्डात रागाचा एक शब्द नव्हता. शेवटी फक्त 'अक्षराची काळजी घ्यावी' एवढं होतं. ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

ही झाली तिसऱ्या प्रकारची रूढी, अर्थातून आलेली. ती कोर हिंदीत नाही, मराठीत आहे. वऱ्हाड, तऱ्हा, सुऱ्या, पंढरीच्या वाऱ्या. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या कितीतरी फॉन्टमध्ये तिच्याकडे दुर्लक्ष झालेलं असतं. 'ल' आणि 'श'चंही तसंच. आपल्याकडे पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' चालत आलेला आहे, महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेबद्दलचा आदेश काढून तीच रूपं प्रमाण धरली. मराठी नावाचं काम करताना फॉन्टमध्ये आलेला दांडीचा 'ल' आहे तसा उचलू नकोस. कित्येक चांगल्या फॉन्टमध्ये भाषा मराठी निवडली की ही रूपं आपोआप बदलतात. ते एकदा तपासायला दोन मिनिटं लागतात.

आता चौथा प्रकार, आणि सगळ्यात जास्त घाण इथेच साचते. बाजाराची सवय. ऐतिहासिक म्हटलं की तलवारीच्या पात्यासारखी टोकं. पुणेरी म्हटलं की पगडी. गावाकडचं म्हटलं की खडबडीत ब्रश. या रूढींना ना बोरूचा आधार, ना यंत्राचा, ना अर्थाचा. कोणीतरी एकदा केलं, चाललं, मग सगळ्यांनी उचललं. इथे तू बिनदिक्कत मोडतोड कर. पण मोडताना लक्षात ठेव, गिऱ्हाईक जेव्हा 'पारंपरिक हवं' म्हणतं तेव्हा त्याच्या मनात याच सवयी असतात, कारण परंपरा म्हणून त्याला आजवर तेच दाखवलं गेलंय.

एक काम जरा जवळून सांगते, कारण असं नुसतं वर्गीकरण करून हाताला काही लागत नाही.

एका दिंडीच्या पुस्तिकेसाठी 'विठ्ठल' हा शब्द काढायचा होता. दिंडीचे चालक आले, त्यांच्या मोबाइलमध्ये दहा-बारा नमुने होते. सगळ्यांत एकच कल्पना : 'ठ'च्या गोलाला दोन्ही बाजूंनी कोपर काढायचे, म्हणजे कमरेवर हात ठेवून उभा पांडुरंग. कुठे वर गंध, कुठे तुळशीची माळ. पहिल्यांदा ज्याने कोणी हे केलं असेल त्याला ते खरोखर दिसलं असेल, आणि त्याला माझा नमस्कार. पण आता दर आषाढीला हजारो फ्लेक्सवर तेच असतं आणि नजर त्यावर थांबत नाही. मी चालकांना विचारलं, "पुस्तिका कोण वाचणार?" ते म्हणाले, "माउली, आमच्यातल्या निम्म्या बायका साठीच्या पुढच्या. चालता चालता वाचतात, चष्मा पिशवीत असतो. वाचता आलं पाहिजे एवढं बघा."

मी आठ दिवस नुसता तो शब्द लिहीत होते. बोरूने, खडूने, अंगणात पाण्याने. मग लक्षात आलं की आपण सगळे 'ठ्ठ'ला कोंबतो. एकाखाली एक दोन 'ठ' आले की ओळीच्या उंचीत बसवण्यासाठी दोघांनाही चेपून अर्धं करतो. नाहीतर पाय मोडून शेजारी मांडतो, 'विठ्‌ठल' असा, ते तर डोळ्यांनी बघवत नाही. जुन्या पोथ्यांत लिहिणारा असं करत नसे. जोडाक्षर खाली उतरलं की तो त्याला उतरू द्यायचा, खालची ओळ जरा बाजूला सरकायची. मी तेच केलं. दोन्ही 'ठ' पूर्ण आकाराचे ठेवले. खालचा किंचित जाड आणि किंचित पसरट केला, म्हणजे वरचा त्याच्यावर ठामपणे उभा राहिला. डावीकडे 'वि'ची वेलांटी कमान घेऊन वर जाते, उजवीकडे पाकळीचा 'ल' खाली झुकतो, मध्ये हा खांब. कोपर नाहीत, गंध नाही, माळ नाही. दिंडीचं नाव खालच्या ओळीत होतं, ते मी 'ठ्ठ'च्या दोन बाजूंना विभागून बसवलं.

चालकांनी कागद हातात घेतला, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "हा उभा आहे." मी कुठेही काही उभं केल्याचं त्यांना सांगितलं नव्हतं.

यात नवं काय होतं? आकार तर एकही नवा नव्हता. उभं जोडाक्षर हा आपल्या लिपीचा जुना रिवाज आहे. आपण तो छपाईच्या सोयीसाठी चेपून टाकला होता, मी त्याला त्याची जागा परत दिली. माझ्या कामातल्या चांगल्या म्हणाव्यात अशा बहुतेक गोष्टी अशाच सापडल्या आहेत, लिपीच्या आतच कुठेतरी. बाहेरून आणून चिकटवलेल्या कल्पना दोन वर्षांत शिळ्या होतात.

तुझ्या 'मधुरा'तही अशी जागा आहे, तिच्याजवळून तू गेलायस. 'ध'च्या डोक्यावरची ती फट. शिरोरेषा 'म'वरून निघते, 'ध'पाशी तुटते आणि पुढे 'रा'वर पुन्हा सुरू होते. म्हणजे या नावाच्या बरोबर मध्यावर लिपीनेच तुला एक मोकळी जागा दिलेली आहे. ती रुंदावून बघ. 'ध'चं वळण थोडं मोठं, चिमटीत धरल्यासारखं काढून बघ. खाली उकार आहे, वर वळण आहे, दोघांची एकमेकांशी गाठ घालता येते का बघ. रेघ शाबूत राहील, वाचणारा अडखळणार नाही आणि तरीही ते दुसऱ्या कोणासारखं दिसणार नाही.

नजर त्या कामावर किती वेळ थांबणार आहे, हेही दर वेळी पाहावं लागतं. गाडीच्या नंबरप्लेटवर ४१४१ चं 'दादा' करणारे आणि २१४ चं 'राम' करणारे आपल्याकडे गावोगाव आहेत. नियमात ते बसत नाही, पण अक्षराकडे बघण्याची ती दृष्टी अस्सल आहे, आणि सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाला ते कोडं सोडवायला आवडतं, कारण त्याच्याकडे वेळ असतो. तेच कोडं औषधाच्या बाटलीवर घातलं तर गुन्हा होईल. मुंबईच्या 'एक टाईप' या गटाचा 'मोदक' नावाचा फॉन्ट बघ. अक्षरं इतकी गुबगुबीत की आतली पोकळी नुसत्या रेघेएवढी उरते. मोठ्या शीर्षकाला तो काय सुरेख दिसतो! त्यात परिच्छेद लावायचा विचार त्यांनीही केलेला नाही. रोजच्या मजकुरासाठी त्याच गटाचा 'मुक्त' आहे, तो मुद्दाम शांत ठेवलाय. सुलेखनकार र. कृ. जोशींचंही तसंच. लघुनियतकालिकांच्या काळात कवितेतली अक्षरं त्यांनी हवी तशी उधळली, आणि त्याच हाताने संगणकासाठी 'मंगल' हा फॉन्ट केला, ज्यात लाखो लोकांनी अर्ज आणि पत्रं लिहिली आणि अक्षराकडे कधी लक्षही गेलं नाही. दोन्हीकडे ते तेवढेच मन लावून होते.

गिऱ्हाइकाशी कसं वागायचं, हे तू विचारलेलं नाहीस, पण तुझ्या पत्रात ते दिसतंय. 'पारंपरिक हवं' म्हटलं की लगेच रेखाटायला बसू नकोस. त्यांना आठवणाऱ्या तीन पाट्या सांगायला सांग. लहानपणच्या किराणा दुकानाची, शाळेची, आजीच्या डब्यावरची, कोणतीही. त्यातून त्यांची परंपरा कोणती ते कळतं, आणि ती बहुतेक वेळा तू समजतोस त्यापेक्षा वेगळी निघते. दुसरं म्हणजे, दहा नमुने दाखवू नकोस. दोन दाखव, आणि जो स्वतःला पटलेला नाही तो दाखवूच नकोस, कारण नेमका तोच निवडला जातो.

तुझ्या वरिष्ठांचं 'यात नवीन काय' हे ऐकून घे, पण उत्तर कागदावरच दे. त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. कमल शेडगे नाटकांच्या जाहिरातींची अक्षरं काढायचे तेव्हा वर्तमानपत्राच्या त्या पानावर पंधरा नाटकं एकमेकांना खेटून असायची. प्रत्येक नावाचं वळण वेगळं, आणि तरीही पान हातभर लांब धरलं तरी नाटकाचं नाव वाचता यायचं. त्या जुन्या पानांची कात्रणं मिळव. एक-एक नाव ट्रेसिंग पेपरवर गिरव आणि कुठे त्यांनी नियम पाळलाय, कुठे सोडलाय, त्यावर लाल पेन्सिलने खूण कर. तसंच निर्णयसागर छापखान्याच्या एखाद्या जुन्या पुस्तकाचं पान घे. जावजी दादाजींनी १८६४ साली खिळे पाडायचा कारखाना काढला, राणोजी रावजी आरूंसारख्या कारागिराने त्यांचे ठसे कापले, आणि पोथीतलं वळण पोलादात उतरलं. भिंगाखाली 'क्ष' किंवा 'ह्म' बघितलास तर तासभर कसा गेला कळणार नाही. मी विद्यार्थ्यांकडून सहा महिने हेच करून घेते. पहिले दोन महिने कुरकुरतात, तिसऱ्यात हात बदललेला दिसतो.

हे करताना स्वतःचं वळण हरवेल अशी भीती तुला वाटत असेल. मलाही वाटायची. पण एकाच पुस्तकावरून शेजारी बसून गिरवणाऱ्या सहा मुलांचे सहा कागद मी समोर मांडते, तेव्हा नाव न बघता मला सांगता येतं कोणता कोणाचा.

आता 'मधुरा'चं. नवीन रेखाटन झालं की संगणकावर मोठं करून बघत बसू नकोस. दोन सेंटिमीटर रुंदीची छापील चिठ्ठी काढ, मसाल्याच्या पुडीवर चिकटव, हळदीचं बोट लागलेलं असू दे, आणि ती पुडी इतर पुड्यांच्या रांगेत फळीवर ठेवून सहा पावलं मागे ये. मग घरातल्या कुणाला तरी हाक मार, काय चाललंय ते काही सांगू नकोस आणि म्हण, "ती मधुराची पुडी दे बरं."